शब्दांची इर्जिक

मंडळी, इर्जिक म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. एखाद्याची नांगरट मागे पडली, बैल कमी पडले, की गावचे लोक आपापली औते घेऊन त्याच्या बांधावर जमायचे. दिवसभर काम उरकायचे, आणि सांजेला पंगत बसायची. अमेरिकेतल्या खेड्यांतही अशीच चाल होती. मक्याची कणसे सोलायची असोत की गोधड्या शिवायच्या असोत, शेजारीपाजारी एकत्र येत. अशा जमण्याला ते लोक 'बी' म्हणत. मधमाशीलाही इंग्रजीत 'बी'च म्हणतात. पण हा शब्द बहुधा 'शेजाऱ्याला केलेली मदत' अशा अर्थाच्या जुन्या बोलीतल्या शब्दावरून आला, असे कोशकार मानतात. या मेळ्यांचाच एक प्रकार म्हणजे 'स्पेलिंग बी'. तिथे कणसांऐवजी शब्द सोलत, एवढाच फरक!

आता तुम्ही विचाराल, शब्द लिहिण्याची चढाओढ ती कसली? आपल्याकडे 'क'ला काना दिला की 'का' झाला. इंग्रजीचे तसे नाही. कर्ज या अर्थाचा त्यांचा 'डेट' शब्द घ्या. त्यात 'बी' हे अक्षर आहे, पण त्याचा उच्चार नाही. मूळ लॅटिन शब्दात 'ब' होता, म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला. शूर सरदाराला 'नाइट' म्हणतात. त्याच्या आरंभीचे 'के' एके काळी उच्चारले जाई. पुढे लोकांची जीभ बदलली, पण छापखान्यातले खिळे जुनेच राहिले. १४७६ साली इंग्लंडात छापखाना आला, आणि नंतरच्या काळात उच्चार एका वाटेने गेले, लिखाण दुसऱ्या वाटेने. म्हणून तिकडच्या पोरांच्या नशिबी घोकंपट्टी आली.

या घोकंपट्टीला वळण लावले नोआ वेब्स्टर नावाच्या एका शाळामास्तरांनी. १७८३ साली त्यांनी मुलांसाठी शब्दलेखनाचे पुस्तक काढले. पुढे निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक म्हणून ते घरोघरी पोचले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आपण जसे पाढे म्हणायचो, तसे ती मुले शब्दाचे तुकडे पाडून एका सुरात म्हणत. मग हिवाळ्याच्या रात्री शाळेत दिवे लावून सामने होऊ लागले. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत. चुकला तो खाली बसला. १८७१ साली एडवर्ड एगल्स्टन यांनी एका कादंबरीत असा सामना रंगवला, आणि १८७५च्या सुमारास तर या खेळाचे वेड शहराशहरांत पसरले.

पण मंडळी, खेळात सगळे सारखे असतात असे आपण म्हणतो, ते नेहमी खरे असते का? १९०८ साली क्लीव्हलंड शहरात शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने मोठा सामना भरवला. तिथे पहिली आली मेरी बोल्डेन, चौदा वर्षांची कृष्णवर्णी मुलगी. दक्षिणेकडून आलेल्या न्यू ऑर्लिअन्सच्या चमूला तिच्याबरोबर एका व्यासपीठावर उभे राहणेच रुचले नव्हते. अक्षरांना वर्ण कळत नव्हता, तो माणसांना कळत होता!

१९२५ साली नऊ वृत्तपत्रांनी मिळून वॉशिंग्टनला राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी फ्रँक न्यूहाउझर हा अकरा वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' या फुलाचे नाव बिनचूक सांगून जिंकला. १९३६ साली त्याच स्पर्धेत अ‍ॅक्रन गावची मॅकनोलिया कॉक्स अंतिम फेरीत पोचली. ती तेरा वर्षांची होती आणि कृष्णवर्णी होती. वाटेत तिला आगगाडीचा डबा बदलून काळ्यांच्या डब्यात बसावे लागले. इतर स्पर्धक ज्या हॉटेलात उतरले, तिथे तिला जागा मिळाली नाही. तरी पोर पहिल्या पाचांत टिकली. तेव्हा तिला 'नेमेसिस' हा शब्द घातला गेला. तो एका ग्रीक देवतेचे नाव, म्हणजे विशेषनाम, आणि विशेषनामे स्पर्धेत चालत नसत. तिच्याबरोबरच्या मंडळींनी हरकत घेतली, पण परीक्षकांनी ऐकले नाही. पुढे पैशाअभावी तिचे कॉलेजचे शिक्षण राहिले. तिने घरकाम करून दिवस काढले, आणि १९७६ साली ती वारली.

पुढच्या काळात आपल्या देशातून तिकडे गेलेल्या कुटुंबांची मुले या स्पर्धेत चमकू लागली. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. २०१९ साली शब्दांच्या यादीने हात टेकले आणि एकदम आठ मुले संयुक्त विजेती झाली. त्यांतला एक सोहम सुखटणकर. आडनाव ओळखीचे वाटले ना? या मुलांची तयारी नुसत्या पाठांतराची नसते. स्पर्धकाला शब्दाचा अर्थ विचारता येतो, तो कोणत्या भाषेतून आला हेही विचारता येते. मूळ ग्रीक असेल, तर 'फ' हा उच्चार बहुधा 'पी' आणि 'एच' अशा दोन अक्षरांनी लिहायचा, हे जाणते पोर ताडते. म्हणजे शब्दाचे कुळ-मूळ शोधणे हीच खरी विद्या.

१९९८ साली जमैकाची जोडी-अ‍ॅन मॅक्सवेल ही पहिली कृष्णवर्णी विजेती झाली. पण खुद्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णी मुलीला हा मान मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. लुइझिआनाची झायला अवाँ-गार्द ही चौदा वर्षांची मुलगी जिंकली, आणि तिने मॅकनोलियाची आठवण जागी केली. तिचा शेवटचा शब्द कोणता होता, ठाऊक आहे? 'मुराया'. हे एका झाडांच्या गटाचे शास्त्रीय नाव. आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्याची नोंद शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ याच नावाखाली केली होती. पांढऱ्या वासाच्या फुलांची कुंतीही त्यातलीच. मेरी बोल्डेनपासून इथपर्यंत यायला एकशे तेरा वर्षे लागली!

गुरुजनहो, आपली लिपी सोपी खरी, पण ऱ्हस्व-दीर्घाचा चकवा आपल्यालाही आहेच. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्यामुळे 'घरांत' वरचा टिंब गेला आणि 'कवि'चा 'कवी' झाला. म्हणजे आज ज्याला चूक म्हणतो, ते काल बरोबर होते. मुलांना हेही सांगावे, म्हणजे लाल शाईची भीती कमी होईल.

शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास असा सामना लावून पाहा. दोन रांगा करा. शब्दाबरोबर अर्थ विचारा, मूळ विचारा. चुकलेल्याला खाली बसवू नका. पुढचा शब्द त्याला निवडू द्या. आणि एवढे मात्र पाहा, की रांगेत कोण कोणाशेजारी उभे राहील, हे कोणाच्या जातीवरून किंवा कपड्यांवरून ठरणार नाही. इर्जिकीला सगळ्यांची औते लागतात.