वायू टर्बाइन जनित्रातील दोषशोधन

वायू टर्बाइन जनित्रातील दोषशोधन म्हणजे वायू टर्बाइन, त्यास जोडलेले विद्युत जनित्र आणि या दोहोंची नियंत्रण यंत्रणा यांत उद्भवलेल्या बिघाडाचे मूळ कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत होय. वायू टर्बाइन आपोआप बंद पडते, म्हणजेच 'ट्रिप' होते, तेव्हा बिघाड यंत्रात असू शकतो किंवा यंत्राची स्थिती कळवणाऱ्या उपकरणात असू शकतो. या दोहोंपैकी नेमके काय झाले आहे, हे ठरवणे दोषशोधनातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम मानले जाते.

महाराष्ट्रातील वायू टर्बाइन केंद्रे

महाराष्ट्रातील बहुतांश औष्णिक वीज कोळशापासून तयार होते. वऱ्हाडातील पारस (जि. अकोला) तसेच विदर्भातील कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही केंद्रे कोळशावर चालतात. वायू टर्बाइन केंद्रे मात्र मुख्यतः कोकण किनारपट्टीवर आहेत, कारण मुंबई हायच्या समुद्रातील नैसर्गिक वायू तेथे नळाने उपलब्ध झाला.

रायगड जिल्ह्यातील उरण येथील वायू विद्युत केंद्र १९८० च्या दशकात तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने उभारले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर ते महानिर्मिती कंपनीकडे आले. या केंद्राची ६७२ मेगावॅट क्षमता १०८ मेगावॅटचे चार वायू टर्बाइन संच आणि १२० मेगावॅटचे दोन बाष्प संच मिळून होते. वायू टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या उष्णतेवर वाफ तयार करून बाष्प संच चालवले जातात. या पद्धतीस संयुक्त चक्र म्हणतात. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे टाटा पॉवरचा १८० मेगावॅटचा संयुक्त चक्र संच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीमार्फत २००६ मध्ये पुन्हा कार्यान्वित झाला.

कोळशावरील थंड संच पूर्ण भारावर येण्यास कित्येक तास लागतात; वायू टर्बाइन काही मिनिटांत सुरू होते. त्यामुळे वीजमागणी अचानक वाढल्यास किंवा जाळे कोलमडल्यास या संचांचे मोल वाढते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा महानगराजवळील स्थानिक निर्मितीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. याच कारणाने, 'सुरू हो' म्हटल्यावर संच सुरू न होणे हा या यंत्रांतील गंभीर दोष समजला जातो.

रचना व नियंत्रण

वायू टर्बाइनचे संपीडक, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन असे तीन मुख्य भाग असतात. संपीडक हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवतात. टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती संपीडक चालवण्यातच खर्च होते. उरलेली जनित्रास मिळते. भारतातील वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते.

नियंत्रण यंत्रणा मुख्यतः तीन गोष्टींवर लक्ष ठेवते : वेग, भार आणि निष्कास वायूंचे तापमान. या तिन्हींपैकी जी सर्वांत कमी इंधन मागते, तिचेच म्हणणे इंधन झडपेपर्यंत पोहोचते. म्हणून संच अपेक्षित भार घेत नसेल तर त्या क्षणी कोणते नियंत्रण प्रभावी आहे, हे प्रथम पाहावे लागते. संच तापमानाच्या मर्यादेवर असेल तर भाराचा आदेश कितीही वाढवला तरी इंधन वाढत नाही. तो दोष नसून संरक्षण असते.

महत्त्वाची मोजमापे सहसा तीन स्वतंत्र संवेदकांनी घेतली जातात व तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. एक संवेदक बिघडला तरी संच विनाकारण बंद पडत नाही आणि खरा धोका नजरेतूनही सुटत नाही, हा या रचनेचा हेतू आहे.

दोषशोधनाचा क्रम

ट्रिपनंतर पडद्यावर अल्पावधीत अनेक धोक्याच्या सूचना उमटतात. त्यांतील बहुतेक परिणाम असतात. कारण एखादेच असते. इंधन झडप बंद झाली की ज्वाला विझते, ज्वाला विझली की तापमान उतरते आणि त्यानंतर जनित्राचा भार शून्यावर येतो. म्हणून 'ज्वाला नाही' ही सूचना दिसली एवढ्यावरून ज्वाला-संवेदक बदलणे चूक ठरते. घटनाक्रम नोंदयंत्र प्रत्येक घटना मिलिसेकंदाच्या अचूकतेने नोंदवते. त्यातील पहिली नोंद कोणती, यावरून शोधाची दिशा ठरते.

यानंतरचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

• सूचना पुसून टाकण्यापूर्वी नोंदी व आलेख जतन करणे.
• ट्रिपच्या आधीच्या काही मिनिटांतील मोजमापे पाहणे. खरा बिघाड बहुधा हळूहळू वाढतो आणि संबंधित इतर मोजमापांतही दिसतो. उपकरणातील दोष एकट्याच मोजमापात व क्षणात उडी घेतो.
• अलीकडे झालेली दुरुस्ती किंवा बदल तपासणे.
• एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे.

कारण न शोधता संच पुन्हा सुरू करणे हानिकारक असते. पूर्ण भारावरून झालेली प्रत्येक ट्रिप तप्त भागांना तीव्र औष्णिक धक्का देते आणि नेहमीच्या कित्येक प्रारंभांइतके आयुष्य खर्ची घालते.

प्रारंभातील दोष

वायू टर्बाइन स्वतःहून फिरू लागत नाही. आरंभी विद्युत मोटरने किंवा जनित्रालाच मोटरप्रमाणे चालवून तिला गती दिली जाते. प्रथम न जळलेला वायू बाहेर घालवण्यासाठी ठरावीक काळ केवळ हवा खेळवली जाते. मगच इंधन सोडून ठिणगी दिली जाते. पहिला प्रयत्न फसल्यास पुन्हा पूर्ण वेळ हवा खेळवणे अनिवार्य असते, कारण निष्कास मार्गात साठलेला वायू पेटल्यास स्फोट होऊ शकतो.

ज्वाला न लागण्याची नेहमीची कारणे म्हणजे ठिणगी प्लग निकामी होणे, इंधनाचा दाब कमी असणे, झडपेचे चुकीचे समायोजन आणि ज्वाला-संवेदकाची काच काजळणे. शेवटच्या प्रकारात ज्वाला प्रत्यक्षात लागलेली असते, परंतु यंत्रणेला ती दिसत नाही. निष्कास तापमान वाढू लागले असेल तर संशय संवेदकाकडे जातो. न वाढल्यास इंधन किंवा ठिणगीकडे.

निष्कास तापमानातील विषमता

टर्बाइनच्या निष्कास मार्गात वर्तुळाकार अनेक तापयुग्मे, म्हणजे थर्मोकपल, बसवलेली असतात. सर्व ज्वलनकक्षांत सारखे ज्वलन होत असेल तर त्यांची तापमाने जवळजवळ समान असतात. एखाद्या ठिकाणचे तापमान बरेच कमी असल्यास त्या मार्गावरील इंधन नलिका चोंदलेली असू शकते किंवा ज्वलनकक्षास तडा गेलेला असू शकतो. त्याचप्रमाणे तापयुग्मही सदोष असू शकते.

अनेक स्वतंत्र ज्वलनकक्ष असलेल्या टर्बाइनमध्ये या दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तप्त वायू टर्बाइनमधून जाताना वळत जातो आणि हे वळण भारानुसार बदलते. त्यामुळे ज्वलनातील खरा दोष असेल तर थंड जागा भार बदलल्यावर शेजारच्या तापयुग्मांकडे सरकते. तापयुग्मच बिघडले असेल तर थंड जागा तिथेच राहते.

कंपन

बेअरिंगजवळील कंपन मिलिमीटर प्रति सेकंद या एककात मोजले जाते. वायू टर्बाइनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ९.३ मि.मी. प्रति सेकंदाच्या वरचे कंपन दीर्घकाळ चालण्यास अयोग्य आणि १४.७ च्या वरचे कंपन नुकसानकारक समजले जाते. एका फेऱ्यास एक या प्रमाणात होणारे कंपन असंतुलन दर्शवते. दोनदा होणारे कंपन बहुधा दोन दंडांची जोडणी सरळ रेषेत नसल्याचे लक्षण असते. बंद झाल्यावर तप्त दंड स्थिर राहिल्यास तो वाकतो, म्हणून थंड होईपर्यंत त्यास सावकाश फिरवत ठेवतात. हे फिरवणे चुकले असेल तर पुढील प्रारंभी कंपन वाढलेले आढळते.

संपीडकाचा मळ

समुद्रकिनाऱ्यावरील केंद्रांत हवेतील मीठ, धूळ व तेलाचे कण गाळणीतून निसटून संपीडकाच्या पात्यांवर बसतात. त्यामुळे संपीडकाचा निर्गम दाब घटतो, वीज कमी मिळते आणि इंधन अधिक लागते. उन्हाळ्यातही वीज घटतेच, कारण उष्ण हवा विरळ असते. म्हणून आजच्या उत्पादनाची तुलना कालच्या आकड्याशी न करता समान तापमानास रूपांतरित केलेल्या आकड्याशी करावी लागते. रूपांतरानंतरही घट उरली, तर संपीडक धुण्याची वेळ आलेली असते.

भार व वारंवारता

संचाचा भार आपोआप कमी-अधिक होणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो. वेगनियंत्रकाचा 'ड्रूप' ४ टक्के असलेला १०८ मेगावॅटचा संच घेतल्यास, जाळ्याची वारंवारता ५०.०० वरून ४९.८० हर्ट्झवर उतरते तेव्हा वेगातील बदल ०.४ टक्के असतो. हा ड्रूपचा दहावा भाग असल्याने, वाव असल्यास, भार १०.८ मेगावॅटने वाढतो. वारंवारता स्थिर असतानाही भार डोलत असेल, तर इंधन झडपेचा सर्व्हो, तिच्या स्थितीचा संवेदक किंवा हायड्रॉलिक तेलाची शुद्धता तपासतात. जुन्या तेलातील चिकट थर सर्व्होमध्ये अडकून झडप धक्क्याधक्क्याने हलू लागते.

नियंत्रण यंत्रणेचे व विद्युत दोष

जनित्राचे संरक्षण करणारे रिले उत्तेजन नाहीसे होणे, उलट दिशेने वीज वाहणे, असमतोल प्रवाह आणि गुंडाळीचा भूसंपर्क ओळखतात. कोणता रिले प्रथम कार्यान्वित झाला, यावरून दोष जनित्रात आहे, रोहित्रात आहे की बाहेरच्या जाळ्यात, हे ठरते.

नियंत्रणासाठी बॅटरीवरील १२५ व्होल्टचा एकदिश पुरवठा अनेक ठिकाणी वापरतात. त्याचे धन व ऋण टोक जमिनीपासून साधारण ६२.५ व्होल्टवर असावे. एक टोक शून्याकडे व दुसरे १२५ कडे गेल्यास कुठेतरी तारेचा जमिनीशी संपर्क झालेला असतो. पहिल्या भूसंपर्काने संच थांबत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. दुसरा भूसंपर्क झाल्यावर मात्र झडपा आपोआप हलू शकतात किंवा ट्रिपचा आदेश निष्फळ ठरू शकतो. पावसाळ्यात ओल शिरलेल्या जोडपेट्या हे याचे नेहमीचे उगमस्थान असते. हीच बॅटरी आणीबाणीचा वंगण तेल पंप चालवते. वीज पूर्ण गेल्यावर हा पंप सुरू झाला नाही, तर फिरत थांबणाऱ्या दंडाची बेअरिंगे तेलाविना जळतात.

संरक्षण निष्प्रभ करण्याचा धोका

आधुनिक नियंत्रण यंत्रणेत एखाद्या संवेदकाचे मूल्य संगणकावरून ठरावीक आकड्यावर स्थिर करता येते. सदोष संवेदक बदलेपर्यंत हा उपाय सोयीचा वाटतो. पण त्यानंतर तिघांपैकी दोघांच्या मताची रचना प्रत्यक्षात दोघांवर किंवा एकावरच उरते. अतिवेग, ज्वाला, वंगण तेलाचा दाब आणि कंपन यांचे संरक्षण असे बंद ठेवून संच चालवणे धोकादायक मानले जाते. केलेला प्रत्येक तात्पुरता बदल लेखी नोंदवणे, त्यास मुदत घालणे आणि पाळी बदलताना पुढच्या अभियंत्यास सांगणे हा सुरक्षित कामाचा भाग आहे. दोष सापडला नसताना संच चालू झाला, तर तो दोष दूर झालेला नसतो, तो फक्त दिसेनासा झालेला असतो.

हेही पहा

• वायू टर्बाइन
• संयुक्त चक्र विद्युत केंद्र
• उरण वायू विद्युत केंद्र
• महानिर्मिती