तंतुमय आहार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

चेन्नईच्या रोजच्या जेवणात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा वाटा मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार अशा १०० ग्रॅम तांदळात ३ ग्रॅमहून कमी तंतुमय घटक असतात. नाचणी आणि बाजरीत ते सुमारे ११ ग्रॅम असतात. आडी महिन्यात अम्मनच्या देवळांतून वाटली जाणारी आंबील याच धान्यांची असते.

तंतुमय घटक लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यात त्यांपैकी काहींचे जिवाणूंमुळे किण्वन होऊन ब्युटिरेट हे आम्ल तयार होते व आतड्याच्या अस्तरातील पेशींना त्यापासून ऊर्जा मिळते. उरलेल्या चोथ्यामुळे मळाचे प्रमाण वाढते, तो लवकर पुढे सरकतो आणि अपायकारक द्रव्यांचा अस्तराशी संपर्क कमी होतो.

या संबंधाकडे ब्रिटिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये, आफ्रिकेतील निरीक्षणांच्या आधारे लक्ष वेधले. पुढील संशोधन मात्र एकमुखी नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार बदलूनही आतड्यातील गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. युरोपातील १० देशांच्या २००३ मधील पाहणीत अधिक तंतू घेणाऱ्यांना हा कर्करोग कमी आढळला. २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम जादा तंतूंमागे धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसतो आणि धान्यांतील तंतूंचा लाभ अधिक ठळक आहे.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने सुमारे पाचपट तंतू असलेला पांढरा तांदूळ विकसित केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संशोधन मधुमेहासाठी होते. त्यावरून कर्करोगाविषयी अनुमान काढणे घाईचे ठरेल.

अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ पासून कार्यरत आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला, तेव्हा मुंबई व बंगळूरूसह चेन्नईचाही त्यात समावेश होता. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते. ते हळूहळू वाढवावेत व पाणी पुरेसे प्यावे, अन्यथा पोट फुगते. मात्र शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा विनाकारण वजन घटणे ही लक्षणे असल्यास मूळव्याध समजून केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.