वनक्षयाची मोजणी आणि शिरपूरचा इतिहास

जगातील वनक्षयाचे आकडे आज नित्य वाचनात येतात. ते उपग्रहांच्या साहाय्याने काढलेले असल्यामुळे त्यांना निर्विवाद शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली आहे. तथापि वनक्षय ही मुळात दोन काळांमधील तुलना होय. आणि जेथे अशी तुलना येते तेथे इतिहासाच्या अभ्यासकाचे प्रश्न टाळता येत नाहीत. तुलना कोणत्या वर्षापासून करावयाची? वन कशास म्हणावयाचे? आणि मोजणाऱ्याने काय पाहिले? धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या आधारे या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

शिरपूर तालुक्याच्या दक्षिणेस तापी व उत्तरेस सातपुडा आहे. अनेर व अरुणावती या नद्या डोंगरातून उतरून तापीस मिळतात. तापीकाठची काळी जमीन फार पूर्वीपासून लागवडीखाली आहे. फारुकी सुलतानांचे आरंभीचे राजधानीचे ठिकाण थाळनेर हे याच तालुक्यात होते. १६०१ साली असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला, तेव्हा हा सुभा पिकाऊ म्हणूनच ओळखला जात होता. पुढे १८०२ मधील होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढारी व भिल्ल यांच्या धाडी यांमुळे गावेच्या गावे ओस पडली. १८१८ साली इंग्रजी अंमल बसल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात खानदेशातील पडक्या गावांचे, त्यांच्यावर माजलेल्या झाडीचे आणि तीत वावरणाऱ्या वाघांचे वर्णन आढळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी सपाटीवर जे जंगल पाहिले, त्यातील पुष्कळसे जुन्या शेतांवर अलीकडेच वाढलेले होते. १८१८ हे आरंभवर्ष धरले तर एकोणिसावे शतक म्हणजे केवळ वृक्षतोडीचा इतिहास ठरतो. १६०१ धरले तर त्याच तोडीचा काही भाग ओसाड शेतांची पुनर्लागवड ठरतो. मात्र हा युक्तिवाद सातपुड्यास लावता येणार नाही. तेथील साग, अंजन, सालई व धावडा यांची वने ओस गावांवर उगवलेली नव्हती. म्हणून एकाच तालुक्यातील तापीकाठ व डोंगर यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

१८२५ मध्ये औट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीमुळे प्रांतात बंदोबस्त झाला आणि नांगर पुन्हा रानात शिरला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले, त्याच दशकात खानदेशात लोहमार्ग आला, आणि शेतजमीन व इमारती लाकूड या दोहोंची मागणी वाढली. सरकारी वनव्यवस्थेने या तोडीस आळा घातला, हे खरे. परंतु त्याच व्यवस्थेने वनाचा अर्थही बदलला. १८७८ च्या कायद्याने राखीव व संरक्षित असे वर्ग केले. तेव्हापासून वन म्हणजे झाडी, आणि वन म्हणजे वनखात्याच्या हद्दीतील जमीन, असे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले. हद्दीत झाड नसले तरी ती जमीन वनच राहिली; भिल्ल व पावरा यांची जुनी शेती हद्दीत सापडली की ती अतिक्रमण ठरू लागली. पुढे 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत मुंबई इलाख्यात वनजमिनी एकसाली पट्ट्याने कसण्यास दिल्या गेल्या. तेव्हा हद्दीतील प्रत्येक शेत हे चोरून केलेल्या तोडीचे फळ असे गृहीत धरणे बरोबर नाही.

उपग्रहाच्या मोजणीने हा घोळ मिटला असे वाटण्याचा संभव आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९८०-८२ च्या प्रतिमांवरून भारताचे वनाच्छादन १४.१० टक्के ठरविले, तर भारतीय वन सर्वेक्षणाने जवळजवळ त्याच काळासाठी १९८७ च्या अहवालात सुमारे १९.५ टक्के सांगितले. जंगल तेच, आकाशातील डोळाही त्याच जातीचा. वाचन मात्र भिन्न. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टराहून मोठ्या व दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेल्या सर्व जमिनी येतात. मालकी वा उपयोग पाहिला जात नाही, त्यामुळे फळबागाही त्यात मोडतात. सागासारखी पानगळीची झाडे उन्हाळ्यात उघडी पडतात, म्हणून प्रतिमेचा महिनाही महत्त्वाचा. सर्वेक्षण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा निवडते. जागतिक पातळीवरही हेच दिसते. २०१३ साली मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन नाहीसे झाल्याचे दाखविले. त्यात आग, तोड व लावलेल्या झाडांची कापणी सारेच आले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना मात्र जमिनीचा उपयोग बदलला तरच वनक्षय मानते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

हा भेद केवळ पंडिती नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची कसवणूक सिद्ध करावी लागते, आणि पुराव्यात गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहप्रतिमा व वडीलधाऱ्यांचे जबाब नियमांनीच मान्य केले आहेत. प्रतिमा ही अन्य पुराव्यास पूरक आहे, त्याची जागा घेणारी नव्हे, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. डोंगरउतारावरील विरळ झाडांखालचे लहानसे शेत प्रतिमेत जंगल म्हणून दिसू शकते. तसेच अलीकडे तोडलेले रान जुने शेत म्हणून पुढे केले जाऊ शकते. पहिल्या चुकीत कुटुंबाची जमीन जाते, दुसरीत सातपुड्याचे जंगल.

म्हणून वनक्षयाचा आकडा नाकारणे हे इतिहासाचे काम नव्हे. सातपुड्यातील हानी खरी आहे आणि तिची मोजणी अवश्य झाली पाहिजे. परंतु आकडा हाही एक दस्तऐवज आहे, आणि ताम्रपट किंवा बखर हाती आल्यावर जी परीक्षा आपण करतो, तीच त्याचीही केली पाहिजे. तापीकाठच्या ओस गावांपासून उपग्रहाच्या प्रतिमेपर्यंतची साधने एकत्र वाचली, तरच शिरपूरमध्ये कोणते रान केव्हा, कोणाच्या हाताने आणि कोणाच्या आज्ञेने गेले, हे सांगता येईल.