फाटकाच्या आंतील अपघात

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील चिखला हें गांव मँगॅनीजच्या खाणीमुळें ओळखलें जातें. मध्यप्रांतांत हा उद्योग १९०० च्या सुमारास मूळ धरूं लागला. पुढें १९६२ सालीं सरकार व जुनी खाणकंपनी यांच्या भागीदारीनें जी संस्था उभी राहिली, तिला आज ‘मॉइल’ म्हणतात, आणि चिखल्याची खाण तिच्याकडेच आहे. खाणीच्या मुलखांत रस्ते दोन जातींचे असतात. एक सरकारी सडक, जिच्यावरून कोणींही जावें. दुसरी मालकाच्या आवारांतील वाट, जिच्या तोंडाशीं फाटक आणि पहारेकरी असतो. मोटारी दोन्हींकडे धांवतात, आणि एकमेकींवर आदळल्या तर आंत बसलेल्या उतारूचें हाड दोन्हींकडे सारखेंच मोडतें. हें सारखेपण कायद्यास उमगण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. जखम केवढी, ह्याच्या आधीं ती कोठें झाली, असें तो विचारीत असे.

फौजदारी कायद्यानें ह्या प्रश्नास दोन उत्तरें दिलीं. १८६० च्या दंडसंहितेचें २७९ वें कलम बेदरकार हांकण्यास शिक्षा सांगे, पण तें सार्वजनिक रस्त्यापुरतें होतें. उलट ३३७ व ३३८ ह्या कलमांत जागेचें बंधन नव्हतें. निष्काळजीपणानें दुखापत करणारा आवारांतही अपराधीच ठरे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेनेंही हा भेद राखला आहे. परंतु शिक्षेनें हांकणाऱ्यास धडा मिळाला, तरी पंगु झालेल्याची चूल त्यानें पेटत नाहीं.

चुलीचा विचार प्रथम १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें केला. १ जुलै १९२४ पासून कामावर जायबंदी झालेल्या मजुरास, मालकाची चूक सिद्ध न करतांही, भरपाई मागतां येऊं लागली. अपघात फाटकाच्या आंत झाला कीं बाहेर, ही अडचण तेथें नव्हती. पण हें छत्र केवळ कामगारावर होतें. मजुराची बायको, भेटीस आलेला पाहुणा किंवा माल पोंचवून परतणारा व्यापारी त्याच मोटारींत बसलेला असल्यास, त्याला दिवाणी न्यायालयाची लांबची वाट धरावी लागे.

अशा लोकांसाठीं विमा हाच खरा आधार. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें तो सक्तीचा केला. विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालें. मात्र सक्ती होती ती ‘सार्वजनिक ठिकाणीं’ वाहन वापरण्यापुरती, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जेथें जाण्याचा जनतेस हक्क आहे तें. शिवाय केवळ मालकाच्याच आवारांत फिरणारें वाहन ह्या कायद्यानें मोटार म्हणून धरलेंच नव्हतें. १९५६ च्या दुरुस्तीनें ही सूट पुष्कळ आंखडली: कारखान्यांत किंवा बंदिस्त आवारांतच चालावें म्हणून मुद्दाम बनविलेलीं खास वाहनेंच काय तीं वगळलीं गेलीं. त्याच दुरुस्तीनें भरपाईसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोयही केली.

उतारूपुढें आणखी एक भिंत होती. १८ डिसेंबर १९६० रोजीं नागपूरहून पांढुर्ण्यास निघालेली एका कंपनीची मोटार वाटेंत झाडावर आदळली. रस्ता सरळ, पंधरा फूट रुंद. झाड पक्क्या सडकेपासून चार फूट बाजूला. गाडी कंपनीचा व्यवस्थापक हांकीत होता, आणि भाडें न देतां त्याच्यासोबत निघालेला एक उतारू प्राणांस मुकला. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, मोटार अशी रस्ता सोडून झाडावर जाते हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, आणि नोकराच्या ह्या चुकीस कंपनी जबाबदार आहे. परंतु फुकट नेलेल्या उतारूचा विमा उतरविण्याची सक्ती कायद्यांत नाहीं, असेंही त्यानें सांगितलें. म्हणजे वारसांचा कैवार घेणाऱ्या त्याच निकालानें विम्याची मर्यादाही उघडी केली.

फाटकाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण न्यायपीठानें १९८८ सालीं सोडविला. जागा खाजगी असली, तरी तेथें लोकांचें जाणें-येणें असेल, मग तें हक्कानें असो वा परवानगीनें, मुक्त असो वा पहाऱ्याखालीं, ती जागा विम्यापुरती सार्वजनिकच समजावी, असा त्या निकालाचा आशय आहे. १९८८ च्याच नव्या मोटार वाहन कायद्यानें ‘सार्वजनिक ठिकाण’ ह्याची व्याख्या जवळजवळ जुन्याच शब्दांत ठेविली, त्यामुळें ह्या अर्थाचें मोल कमी झालें नाहीं. १९०० च्या सुमारास ज्या मुलखांत खाणींची सुरुवात झाली, तेथील उतारूस ह्या एका वाक्यासाठीं किती पिढ्या थांबावें लागलें!

आतां जागेचा वाद हक्काचा राहिला नसून पुराव्याचा झाला आहे. आवारांत कोण येत-जात असे, कोणाच्या परवानगीनें, आणि जखमी मनुष्य गाडींत कोणत्या नात्यानें बसला होता, हें दाखवितां आलें पाहिजे. अशा वेळीं फाटकावरील नोंदवही व प्रवेशाची चिठ्ठी ह्या क्षुल्लक वस्तूंस मोठी किंमत येते. आंतला अपघात आंतच मिटवावा, पोलिसांत वर्दी देऊं नये, हा सल्ला मालकाच्या सोयीचा असेल. जखमीच्या मात्र तो हिताचा नव्हे. कायद्यानें फाटक उघडलें आहे; पण आंत काय घडलें ह्याची नोंद नसेल, तर उघड्या फाटकाचाही त्याला उपयोग नाहीं.