कोसंबी, टीआयएफआर आणि 'जुळणं' म्हणजे नेमकं काय

परवा वाघोलीहून निघाले आणि नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले. तेवढ्यात तुमच्यापैकी एकाचा मेसेज आला, "ताई, पीएचडीला विषय बघू की संस्था?" उत्तराआधी एक गोष्ट ऐका.

दामोदर धर्मानंद कोसंबी तुम्हाला इतिहासकार म्हणून माहीत असतील, पण माणूस मूळचा गणिताचा. १९३३ पासून बारा वर्षं त्यांनी फर्ग्युसनमध्ये शिकवलं. जेनेटिक्सवाल्यांनो, तुमचं 'कोसंबी मॅप फंक्शन' १९४४ चं, म्हणजे तेव्हाचंच! पुढे होमी भाभांनी त्यांना नव्या टीआयएफआरमध्ये बोलावलं. राहायचे पुण्यात, मुंबईला ये-जा डेक्कन क्वीनने. (माझी तासाभराची तक्रार मी लगेच मागे घेते.)

कागदावर जोडी झकास होती. नवी संस्था, गणिताला मान, मोकळीक. सुरुवातीला जमलंही. पण भाभा भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार, आणि संस्थेला पैसाही पुढे अणुऊर्जा खात्याकडूनच येऊ लागला. इकडे कोसंबी जागतिक शांतता चळवळीत, आणि आपल्यासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं उघडपणे मांडणारे. शिवाय जुनी नाणी तोलणं, टेकड्यांवर दगडी हत्यारं शोधणं चालूच. १९५६ ला भारतीय इतिहासावरचं मोठं पुस्तकही आलं. शुद्ध गणितात नाव काढायला निघालेल्या विभागात हे सगळं बसायचं कुठे?

पण म्हणून लगेच व्हिलन शोधू नका. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान हायपोथेसिस सिद्ध केल्याचा दावा केला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांमधली त्यांची पत घसरली. १९६२ ला करार संपला, तो पुन्हा झाला नाही.

बेंजामिन श्नायडर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलं, की लोक आपल्यासारख्यांच्या संस्थेकडे ओढले जातात, संस्थाही तसेच लोक निवडते, आणि न जुळणारे निघून जातात. हळूहळू सगळे एका साच्याचे होतात. मला यातला तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कौशल्य जुळतंय का हे इंटरव्ह्यूत कळतं. मूल्यांचं तसं नाही. कोसंबींचं गणित जुळलं होतंच की.

तेव्हा लॅब बघायला जाल तर तिथल्या पब्लिकेशनच्या यादीबरोबर, मधेच सोडून गेलेल्या एखाद्याचा नंबरही मिळवा आणि फोन करा. मी केला नव्हता. सातव्या महिन्यात गाईड बदलावा लागला.