पेनंट, जर्मेन

(१५ जानेवारी १९८३ – ). इंग्लिश फुटबॉलपटू, विंगर, जन्म नॉटिंगहॅम. २००७ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तो लिव्हरपूलकडून खेळला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटी या क्लबात आला आणि एकाच मोसमानंतर परतला. उतरत्या वयामुळे हे घडले, असे म्हणता येईल. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, हे खरे. पण जानेवारी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्याच विगन संघाने त्याला घेतले, म्हणजे खेळ संपलेला नव्हता. मुख्य कारण लीगच्या आखणीत असावे. इंडियन सुपर लीगचा तो पहिला मोसम ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात आटोपला. साखळीत प्रत्येक संघाला अवघे १४ सामने. पुण्यातल्या बालेवाडीचे मैदान आणि नवखे सहकारी अंगवळणी पडायला एवढा अवधी फारच तोकडा! फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगेही त्याच मोसमापुरता पुण्याचा राहिला. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला.