आवाजाचे भूत : व्हर्नन ली आणि हरवलेले गाणे

इटलीतल्या बोलोन्या शहरात अठराव्या शतकात पाद्रे मार्तिनी (१७०६-१७८४) नावाचे एक संगीतपंडित होऊन गेले. त्यांनी आयुष्यभर संगीताचे ग्रंथ, हस्तलिखिते आणि संगीतकारांची चित्रे जमवली. पुढे हा संग्रह तिथल्या संगीतशाळेकडे आला. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोळा-सतरा वर्षांची दोन मित्र-मैत्रिणी हा संग्रह पाहायला गेली होती. मुलगा होता जॉन सिंगर सार्जंट, पुढे गाजलेला चित्रकार. मुलगी होती व्हायोलेट पॅजेट. तिथल्या चित्रांमध्ये एक होते फारिनेल्लीचे. हा अठराव्या शतकातला युरोपातला सर्वांत प्रसिद्ध गायक. त्या चित्रापुढे ही मुले खिळून राहिली. याचा चेहरा आपल्याला दिसतो, पण आवाज? तो कसा होता?

या प्रश्नातून पॅजेटने 'व्हर्नन ली' या टोपणनावाने काही वर्षांच्या अंतराने एकाच बीजाच्या भूतकथा लिहिल्या. पहिली १८८१मध्ये इंग्रजीत, दुसरी १८८७मध्ये फ्रेंचमध्ये. तिसरी, म्हणजे 'अ विकेड व्हॉइस', तिच्या १८९०च्या 'हॉन्टिंग्ज' या संग्रहात आली. बोलोन्याची हकीकत तिने स्वतःच १९२७मध्ये एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. एका चित्राचा पिच्छा इतकी वर्षे पुरवावा आणि त्यासाठी भूतकथाच लिहावी, असे का वाटले असावे?

व्हर्नन ली (१८५६-१९३५) मूळची इतिहासकार, हे इथे लक्षात घ्यायला हवे. इंग्रज आईबापांची ही मुलगी फ्रान्समध्ये जन्मली, युरोपभर वाढली आणि फ्लॉरेन्सजवळ स्थायिक झाली. अठराव्या शतकातील इटलीवरचे तिचे पुस्तक १८८०मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिला चोविसावे वर्ष चालू होते. विस्मृतीत गेलेले संगीत, नाटके आणि मेतास्तासियोची काव्ये तिने त्यात पुन्हा उजेडात आणली. इंग्रज प्रवासी चार्ल्स बर्नी १७७०मध्ये बोलोन्यात वृद्ध फारिनेल्लीला भेटला होता. फारिनेल्ली स्पेनच्या विषण्ण राजाला रोज रात्री गाऊन दाखवत असे, हा वृत्तान्तही उपलब्ध होता. म्हणजे पत्रे होती, आठवणी होत्या, चित्रे होती, स्वरलिपीही होती. नव्हते ते फक्त गाणे.

स्वरलिपी असताना गाणे कसे हरवेल, असे कोणी विचारील. आपल्या वाचकाला याचे उत्तर समजायला जड जाऊ नये. भातखंड्यांच्या पोथीत बंदिश आहे म्हणून ख्याल हाती लागतो असे नाही. अठराव्या शतकातल्या इटालियन 'आरिया'चेही असेच होते. तिचा पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा असे, आणि त्या पुनरावृत्तीत गायक आपल्या ताना, कंप, अलंकार ओतत असे. श्रोते जमत ते त्यासाठीच. कागदावर उरला तो सांगाडा.

शिवाय फारिनेल्लीचा कंठ पुन्हा निर्माणही होऊ शकत नव्हता. वयात येण्याआधी मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचा बालस्वर टिकवायचा, आणि प्रौढ छातीच्या दमाने तो गाऊन घ्यायचा, अशी ती प्रथा होती. या मुलांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला कीर्ती आली. एकोणिसाव्या शतकाला ही प्रथा अमानुष वाटू लागली आणि ती मावळली, हे योग्यच झाले. पण ज्याची हळहळ वाटते, ते सौंदर्य क्रौर्यातून आलेले होते. ही टोचणी लीच्या कथांत सतत जाणवते. तिने त्या आवाजाला 'दुष्ट' म्हटले ते उगाच नाही.

भूतकथा कशी लिहावी यावरही तिची ठाम मते होती. १८८०मध्ये तिने कलेतील अद्भुतावर एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा : अद्भुताला ठोस आकार दिला की ते मरते. शिल्पकार आणि चित्रकार त्याला रेषांत बांधतात, म्हणून त्यातली भीती ओसरते. खरे भूत धूसर असते. ते आठवणी, जागा आणि वास यांतून आपल्याच मनात तयार होते. लंडनमध्ये १८८२पासून एक संस्था भुताखेतांच्या साक्षी-पुराव्यांची शास्त्रीय छाननी करत होती. 'हॉन्टिंग्ज'च्या प्रस्तावनेत लीने त्या साक्षांकित भुतांची मिस्कील थट्टा केली आणि सांगितले, की माझी भुते त्या अर्थाने खरी नाहीत. ती भूतकाळातून येतात आणि काही मनांना झपाटतात. इंग्रजीत तिला हे समजावून सांगावे लागले. मराठीत 'भूत' या एका शब्दातच पिशाच आणि होऊन गेलेला काळ हे दोन्ही अर्थ नांदतात.

आता कथा पाहू. मॅग्नस हा नॉर्वेचा तरुण संगीतकार व्हेनिसमध्ये ऑपेरा रचतो आहे. तो वाग्नरच्या पंथाचा असल्यामुळे मानवी कंठाचे जुने लाड त्याला तुच्छ वाटतात. झाफिरिनो या जुन्या गायकाचे चित्र हाती येताच तो त्याची टर उडवतो. झाफिरिनोच्या गाण्याने बायका मोहित होत, आणि एका गाण्याने एका उमराव स्त्रीचा जीव घेतला, अशी दंतकथा असते. त्यानंतर रात्री पाण्यावरून एक आवाज येऊ लागतो. तो पुरुषाचा की बाईचा, यावर जाणकारांतही वाद होतो. आजारी पडलेला मॅग्नस हवापालटासाठी खेड्यातल्या वाड्यात जातो, तर त्या स्त्रीचा अंत झालेला वाडा नेमका तोच. मध्यरात्री गाणे सुरू होते. शेवटची जीवघेणी तान येण्याआधी तो दार फोडून आत शिरतो. आत काय? चांदणे आणि एक मोडकी हार्प्सिकॉर्ड. मॅग्नस जगतो, पण त्याचे संगीत जाते. डोक्यात येतात त्या फक्त जुन्या, परक्या चाली. ज्याचा त्याने द्वेष केला, तोच आवाज एकदा तरी ऐकू यावा म्हणून तो याचना करत राहतो.

या कथेत ली इतिहासकाराचा प्रामाणिकपणा सोडत नाही. आवाजाचे वर्णन ती परिणामांतून करते, आणि गाण्याचा शेवट ना नायकाला ऐकू येतो ना वाचकाला. दप्तरात जे नाही ते तिने कल्पनेने भरून काढले नाही. त्या रिकाम्या जागेला तिने दारासकट तसेच आपल्यापुढे उभे केले.

कथासंग्रहानंतर बारा वर्षांनी यंत्र आले. ग्रामोफोन कंपनीने १९०२ आणि १९०४मध्ये रोममध्ये आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८-१९२२) या त्या परंपरेतल्या शेवटच्या गायकांपैकी एकाचा आवाज तबकड्यांवर घेतला. ऐकणाऱ्याला एका थकणाऱ्या युगाची चाहूल लागते, फारिनेल्ली मात्र सापडत नाही. लीचेही कुतूहल शमले नाही. संगीत ऐकताना माणसांच्या मनात नेमके काय घडते, याची अनेकांकडे प्रश्नावलीने चौकशी करून तिने १९३२मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला.

त्याच १९०२च्या नोव्हेंबरात कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित करत होता. मराठी माणसाला ही तारीख चटका लावते. किर्लोस्कर मंडळीत 'सौभद्रा'ची सुभद्रा गाऊन महाराष्ट्राला वेड लावणारे भाऊराव कोल्हटकर (जन्म १८६३) हे १३ फेब्रुवारी १९०१ रोजी निवर्तले. अंतर जेमतेम एकवीस महिन्यांचे! नाटकाचे पुस्तक आहे, पदे आहेत, पदांवर चालींचे निर्देशही आहेत. पुरुषाच्या कंठातली ती सुभद्रा मात्र कुठल्याच तबकडीत नाही. बालगंधर्व आपण आजही ऐकतो. भाऊरावांच्या बाबतीत ऐकणाऱ्यांच्या आठवणीच काय त्या वाचायच्या.

आपल्या जुन्या ग्रंथांना हे नाते ठाऊक होते. गंधर्व म्हणजे स्वर्गीय गायक, हे आपण लक्षात ठेवले. पण बृहदारण्यकोपनिषदात गंधर्वाने झपाटलेल्या स्त्रीचा उल्लेख येतो, आणि सुश्रुताने ग्रहबाधा सांगताना गंधर्वग्रहाने पछाडलेला माणूस गीतप्रिय होतो, असे लक्षण दिले आहे. गाणारा आणि झपाटणारा एकच. रंगभूमीच्या इतिहासकाराने भाऊरावांवर लिहिताना हा जुना अर्थ ध्यानात ठेवावा. चाली, तारखा आणि आठवणी त्याने काटेकोर मांडाव्यात, आणि त्यांच्या पलीकडे जे ऐकू येत नाही, ते आपल्या शब्दांनी बुजवून टाकू नये.